शालेय निबंध आणि पूर्वपक्षाचा लोप

मराठीत 'निबंध' ही संज्ञा आज दोन परस्परभिन्न वस्तूंस लावली जाते, आणि या दोहोंमधील अंतर आपल्या विद्यालयांत व महाविद्यालयांत क्वचितच लक्षात घेतले जाते. धर्मशास्त्राच्या परंपरेत निबंध म्हणजे विखुरलेली वचने एकत्र बांधून, त्यांतील विरोधाचा परिहार करून, वाचकास निर्णयाप्रत नेणारा ग्रंथ. देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्री याचा 'चतुर्वर्गचिंतामणि' किंवा १६१२ मध्ये कमलाकरभट्टांनी रचलेला 'निर्णयसिंधु' हे या अर्थाचे निबंध होत. एखादे व्रत कोणत्या तिथीस करावे याविषयी दोन स्मृतींत मतभेद आढळला, तर निबंधकारास मौन धरून पुढे जाता येत नसे. एक पक्ष मांडून, दुसऱ्याचे सामर्थ्य तोलून, त्यास निर्णय द्यावा लागे. दहावीच्या किंवा पदवीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यास आपण निबंध म्हणून जे शिकवितो त्यात मात्र बांधण्याजोगे काही नसते. कारण परस्परविरोधी असे काहीच त्यात येऊ दिलेले नसते.

शालेय निबंधाविषयी नेहमी जी तक्रार केली जाते ती शुद्धलेखनाची, हस्ताक्षराची किंवा 'मार्गदर्शक' पुस्तकांवरून केलेल्या पाठांतराची असते. या तक्रारी खऱ्या आहेत. तथापि त्या रोगाच्या लक्षणांविषयी आहेत, असे प्रस्तुत लेखकास वाटते. विद्यार्थी पाठांतर का करतो? त्यास जे लिहावयास सांगितले जाते ते पाठ करण्याजोगेच असते म्हणून. ज्या विषयात संशयास जागा नाही, त्याविषयी स्वतः विचार करून लिहिण्याचे प्रयोजनच उरत नाही. शालेय निबंधातून पूर्वपक्ष नाहीसा झाला ही मूळ उणीव होय, आणि तिचे परिणाम सर्वांत अधिक तीव्रतेने ग्रामीण विद्यार्थ्यास भोगावे लागतात, असे येथे दाखवावयाचे आहे. उदाहरणासाठी सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातील कवठे महांकाळ तालुका घेतला आहे. तो का, हे पुढे स्पष्ट होईल.

पूर्वमीमांसेत कोणत्याही विचारणीय स्थळास 'अधिकरण' म्हणतात, आणि त्याची विषय, संशय, पूर्वपक्ष, सिद्धांत व संगती अशी पाच अंगे सांगितली जातात. या क्रमात 'संशय' दुसऱ्या स्थानी आहे, ही गोष्ट अध्यापकांनी विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. विषय सांगितल्याबरोबर मीमांसक लिहू लागत नाही. या विषयात विचार करण्याजोगे आहे काय, हे तो प्रथम पाहतो. संशय नसेल तर अधिकरणच उभे राहत नाही. आपल्या वर्गात विषय फळ्यावर पडला की 'प्रस्तावना' सुरू होते, आणि प्रस्तावनेत बहुधा त्या विषयाची थोरवी असते. पाणी असेल तर पाणी हे जीवन आहे, वृक्ष असेल तर वृक्ष हे आपले मित्र आहेत. 'पाणी हे जीवन नाही' असे म्हणणारा प्रतिपक्षी जगात कोणी नसल्यामुळे पुढील दोन पाने कोणाशी बोलावयाचे हा प्रश्न विद्यार्थ्यापुढे उभा राहतो. तो अखेर अलंकारांशी बोलू लागतो.

आधुनिक मराठी निबंधाचा उगम असा नव्हता. १८४८ ते १८५० या काळात 'प्रभाकर' पत्रातून प्रसिद्ध झालेली लोकहितवादींची पत्रे ही वादाची पत्रे होती. १८७४ च्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाला' सुरू केली, तेव्हा ते स्वतः शाळामास्तर होते, आणि मालेतील कितीएक विषय शाळामास्तरास सुचावेत असेच आहेत: वाचन, वक्तृत्व, इतिहास, गर्व. परंतु यांपैकी कोणताही निबंध ते 'वाचनाचे महत्त्व' या थाटात लिहीत नाहीत. कोणी तरी काही तरी चुकीचे बोलले आहे, आणि त्याचा समाचार घ्यावयाचा आहे, या आवेशात त्यांची लेखणी चालते. त्यांचा प्रतिपक्ष पुष्कळदा अन्यायाने रंगविलेला असतो. उपहासाच्या भरात ते समोरच्याचे म्हणणे पुरते मांडीतही नाहीत. मीमांसकाच्या कसोटीवर हा दोषच आहे. तरी प्रतिपक्ष असतो, आणि तो आहे म्हणून वाक्यास गती येते. सात वर्षांत चौऱ्याऐंशी अंक जवळजवळ एकट्याने लिहून काढणे ज्यास साधले, त्यास ही गती अलंकारांनी पुरविली नव्हती.

मग शालेय निबंध आजच्या स्थितीस कसा आला? यास एक कारण वाङ्मयीन आहे आणि ते सहसा सांगितले जात नाही. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीपासून ना. सी. फडके, वि. स. खांडेकर, अनंत काणेकर यांनी लघुनिबंध हा प्रकार मराठीत रुजविला. फडक्यांच्या 'गुजगोष्टी', काणेकरांची 'पिकली पाने' आणि खांडेकरांच्या 'वायुलहरी' हे संग्रह त्या शतकाच्या चौथ्या दशकात पुस्तकरूपाने आले. हे लेखन खेळकर, आत्मनिष्ठ आणि वादापासून बुद्ध्या दूर राहणारे होते. त्याचे गुण येथे नाकारावयाचे नाहीत. फडके तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि खांडेकर शिरोड्याचे शिक्षक. त्यामुळे लघुनिबंध हा वर्गातून निघालेल्या माणसांनी वर्गाबाहेरच्या विसाव्यासाठी निर्मिलेला प्रकार होता, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही. पुढे पाठ्यपुस्तकांतून तोच वर्गात परत आला. विद्यार्थ्याने लघुनिबंधकाराची लकब उचलली. परंतु लघुनिबंधकाराच्या पाठीशी असलेले वाचन, वय आणि स्वतःकडे पाहून हसण्याची शक्ती ही त्याच्याजवळ असणे शक्य नव्हते. लकब तेवढी राहिली. आज 'मी पंतप्रधान झालो तर', 'फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त', 'पावसाळ्यातील एक दिवस' या विषयांवर जे लिहिले जाते ते लघुनिबंधाचे वाळलेले साल आहे. त्यास निबंध म्हणावयाचे ते केवळ रूढीने.

आता कवठे महांकाळकडे वळू. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. या जिल्ह्याच्या पश्चिमेस कृष्णा-वारणेचा ओला पट्टा आणि पूर्वेस आटपाडी, जत, कवठे महांकाळ हे पर्जन्यछायेतील तालुके. अग्रणी नदी येथून वाहते, असे नकाशा सांगतो. वर्षातील पुष्कळ महिने तिचे पात्र वाळूचे असते. १९७२ च्या दुष्काळाची आठवण येथील घराघरांत आहे. या भागात मृगाच्या पावसाचा भरवसा धरता येत नाही. पुष्कळसे अवलंबून असते ते उत्तरा आणि हस्त या नक्षत्रांच्या, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या परतीच्या पावसावर. रब्बीच्या ज्वारीची पेरणी त्याच ओलीवर होते.

या तालुक्यातील विद्यार्थ्यास 'पावसाळ्यातील एक दिवस' हा विषय दिला असता तो काय लिहितो, हे कोणत्याही अध्यापकास वही न उघडता सांगता येईल. आकाशात काळे ढग दाटून येतात, विजा कडाडतात, मृद्गंध दरवळतो, धरित्री हिरवा शालू नेसते, मोर पिसारा फुलवितो, आणि शाळेस अकस्मात सुटी मिळून मुले डबक्यांत कागदी नावा सोडतात. हा पाऊस कोकणातला आहे, किंवा अधिक नेमके सांगावयाचे तर तो पुस्तकातला आहे. कवठे महांकाळच्या माळावर हिरवा शालू कधीच येत नाही, असे नव्हे. चांगल्या वर्षी कुरणे हिरवी होतात आणि मेंढपाळांची चाऱ्याची चिंता काही काळ मिटते. परंतु तेथील मुलाने पावसाविषयी जे सर्वांत महत्त्वाचे पाहिलेले असते, ते या वर्णनात कोठेही नाही. पाऊस न येणे हे त्याने पाहिलेले असते. टँकर, चारा छावणी, विंधनविहिरीच्या यंत्राचा रात्रभरचा घरघराट, आणि दोनशे फुटांखालून वर आलेली कोरडी भुकटी हे त्याने पाहिलेले असते. हे 'निबंधात बसत नाही' असे त्यास कोणी प्रत्यक्ष सांगितलेले नसते. तरीही ते बसत नाही हे तो नेमके ओळखतो.

यावर कोणी सुचवील की, विद्यार्थ्यास स्वानुभव लिहावयास सांगा म्हणजे झाले. हा उपाय अलीकडे शिक्षकांच्या शिबिरांत पुष्कळदा सुचविला जातो. प्रस्तुत लेखकास तो अपुरा वाटतो. स्वानुभव हे साधन आहे. त्याने काय सिद्ध करावयाचे हे ठरले नाही तर स्वानुभवाचाही लवकरच साचा बनतो, आणि हिरव्या शालूच्या जागी भेगाळलेली भुई येते. दुष्काळावरील निबंधांत भेगाळलेली भुई, आकाशाकडे लागलेले डोळे आणि हंबरणारी गुरे यांची जी गर्दी होते, ती हिरव्या शालूइतकीच उसनी आहे. उसनेपण शब्दांत नसून विचाराच्या अभावात आहे.

तर मग पावसाच्या विषयात संशय कोठे आहे हे पाहावयास हवे. कवठे महांकाळपुरता तो शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. या भागात ज्वारीच्या रानाशेजारी द्राक्षाचे मळे आहेत. द्राक्षाची फळछाटणी सामान्यतः ऑक्टोबरच्या आगेमागे होते, आणि छाटणीनंतर कोवळी फूट व फुलोरा यांवर पाऊस पडला तर दावण्या रोग पडतो, घड कुजतात. पुढे फेब्रुवारी ते एप्रिल या काळात शेडवर बेदाणा वाळत घातला जातो, तेव्हा तर एक सरही नको असते. येथील कोरडी हवा हा शेतकऱ्याचा शाप खरा. पण बेदाण्याचा धंदा त्याच कोरड्या हवेवर उभा आहे. म्हणजे हस्ताचा जो पाऊस एका बांधावर देवास नवस करून मागितला जातो, तोच दुसऱ्या बांधावर टाळावयाचा असतो. आणि कित्येकदा दोन्ही बांध एकाच घरचे असतात. 'पाऊस सर्वांस हवा असतो' हा पूर्वपक्ष येथे सहज उभा राहतो, आणि तो खोडावयास लागणारी सामग्री चौदा वर्षांच्या मुलाच्या हाताशी असते.

अशा निबंधाचा आरंभ कसा असू शकेल, हे दाखविण्यासाठी पुढील परिच्छेद प्रस्तुत लेखकाने स्वतः रचला आहे. तो नमुना म्हणून पाठ करावयाचा नाही. त्यातील वाक्यांची कामे तेवढी पाहावयाची आहेत.

'पाऊस सर्वांनाच हवा असतो, असे म्हणतात. आमच्या गावात हे जूनपुरते खरे आहे. ऑक्टोबरात ते खरे राहत नाही. ज्याने ज्वारी पेरली आहे तो हस्ताच्या पावसाची वाट पाहतो. ज्याने बाग छाटली आहे तो त्याच दिवशी औषधाचा पंप भरून ठेवतो. यावर कोणी म्हणेल की, बागाईतदार थोडे आणि ज्वारी सर्वांची, म्हणून पाऊस यावा हेच गावाचे हित. परंतु ज्वारीवाल्या घरातील माणसे मजुरीस बागेतच जातात. बाग गेली तर त्यांची मजुरी जाते. तेव्हा गावाचे हित कोणते, हे पावसाच्या बेरजेवरून ठरत नाही.'

या परिच्छेदात एकही अलंकार नाही, आणि पाचवीच्या पुढे शिकलेल्या विद्यार्थ्यास कळणार नाही असा एकही शब्द नाही. तथापि त्यात विषय आहे, संशय आहे, पूर्वपक्ष आहे, पूर्वपक्षाचे समर्थन आहे, आणि त्या समर्थनाचे उत्तर आहे. 'यावर कोणी म्हणेल की' हे वाक्य यात कळीचे होय. ते लिहिताना विद्यार्थी प्रथमच स्वतःच्या बाहेर उभा राहून आपले म्हणणे पाहतो. प्रतिपक्ष जितका बलवान मांडावा तितके आपले उत्तर नेमके करावे लागते, हे त्यास नियम म्हणून सांगावे लागत नाही. लिहिताना ते कळते. पुढे याच निबंधात कृष्णेचे पाणी म्हैसाळहून टप्प्याटप्प्याने उपसून या तालुक्यात आणणाऱ्या योजनेचा विचार येऊ शकेल, आणि त्या पंपांच्या वीजबिलाचा भार शासनाने किती व लाभधारकांनी किती उचलावयाचा या जुन्या वादाचाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली शहरात कृष्णेचा महापूर होता, तेव्हा त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील गावे टंचाई सोसत होती. एवढी एक वस्तुस्थिती नीट मांडली, तर 'पाणी हे जीवन आहे' या वाक्याची गरज उरत नाही.

शाळकरी मुलास असे लिहिणे झेपेल काय, अशी शंका कोणी घेतली तर तिचे उत्तर मराठी वाङ्मयाच्या इतिहासातच आहे. १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' पत्राच्या १५ फेब्रुवारी व १ मार्च या दोन अंकांत 'मांग महारांच्या दुःखाविषयी' हा निबंध प्रसिद्ध झाला. तो लिहिणारी मुक्ताबाई ही जोतीराव फुले यांनी पुण्यात चालविलेल्या शाळेतील मांग जातीची विद्यार्थिनी होती. या निबंधाचा उल्लेख आज पुष्कळ होतो; पण बहुधा तो करुण दस्तऐवज म्हणून किंवा स्त्रीलेखनाचा आरंभ म्हणून होतो. निबंध म्हणून, म्हणजे युक्तिवादाची रचना म्हणून, त्याकडे फारसे पाहिले गेलेले नाही, आणि शाळेतील निबंधाच्या अध्यापनात तर त्यास स्थानच नाही.

मुक्ताबाई आरंभी दुःखाचे वर्णन करीत बसत नाही. प्रतिपक्षाचे एक तत्त्व ती उचलते: वेद हे ब्राह्मणांचेच, इतरांनी ते पाहावयाचे नाहीत. हे तत्त्व ती नाकारीत नाही. ते खरे मानले तर काय निष्पन्न होते, एवढेच ती विचारते. आणि मग ज्यांस वेद पाहण्याचा अधिकार नाही ते धर्मग्रंथावाचून, म्हणजे धर्मावाचून उरले, असा निष्कर्ष प्रतिपक्षाच्याच गळ्यात बांधते. नैयायिक यास तर्क म्हणतात. प्रतिपक्षाचे विधान गृहीत धरून त्यातून अनिष्ट प्रसंग आणणे ही त्याची पद्धती. पुण्यातील पंडितसभेत हे अस्त्र नित्य परजले जाई, परंतु एका मांगाच्या मुलीच्या हाती ते पाहण्याची सवय त्या सभेस नव्हती. यानंतर ती पुरावा देते, आणि तो तिच्या लोकांचा आहे: जमिनींवरून हाकलले जाणे, इमारतींच्या पायांत माणसे पुरणे, पेशवाईत तालीमखान्यावरून जाण्यासही असलेला प्राणघातक मज्जाव, आणि छपराविना बाळंत होणाऱ्या स्त्रियांची अवस्था. या शेवटच्या मुद्द्याशी येऊन ती वाचकास स्वतःच्या घरातील बाळंतपणे आठवून पाहावयास सांगते. भावनेचे आवाहन येथे आहे. पण ते युक्तिवादानंतर आले आहे, आणि म्हणून ते टाळता येत नाही. क्रम उलटा असता, आरंभी करुणा आणि मग तर्क असा असता, तर हा निबंध दयेची याचना झाला असता.

मुक्ताबाईजवळ शब्दसंपत्ती मोठी नव्हती. वाक्ये कोठे कोठे अडखळतात, आणि आजच्या परीक्षकाने लाल शाई घेतली तर गुण कापावयास त्यास जागा मिळेल. येथे आपण एका नाजूक प्रश्नाशी येतो. औपचारिक भाषेची अट ही विचाराच्या शिस्तीसाठी असते की विचारास दाराबाहेर ठेवण्यासाठी? मराठी निबंधाच्या इतिहासात ही दुसरी गोष्ट घडलेली आहे. चिपळूणकरांनी निबंधमालेत फुले यांच्या लेखनाचा समाचार घेतला, तेव्हा त्यांच्या भाषेची अशुद्धता हा उपहासाचा एक प्रमुख विषय केला. व्याकरण चुकले की मुद्द्यास उत्तर देण्याची जबाबदारी संपली, ही समजूत त्या उपहासाच्या मुळाशी आहे. शैलीकार म्हणून चिपळूणकरांची थोरवी मान्य करूनही हे म्हटले पाहिजे की, तेथे निबंधकार निबंधाच्या धर्मापासून ढळला. १८८२ च्या मार्चमध्ये चिपळूणकर निवर्तले, आणि पुढील वर्षी फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' पूर्ण केला. या ग्रंथात डोंगरउतारांवरून वाहून जाणारी माती व पाणी शेतात मुरावे यासाठी सरकारने पलटणीतील व पोलिसांतील माणसांकडून तालीबंधारे घालवावेत, अशी सूचना आहे. कवठे महांकाळच्या परिसरात आज पाझर तलाव, नालाबांध आणि अग्रणीच्या पात्रातील खोलीकरण यांची जी भाषा बोलली जाते, तिचा विचार मराठी निबंधात १८८३ मध्ये येऊन गेला होता. शुद्धलेखनावर बोट ठेवून थांबलेल्या वाचकास तो दिसणे शक्य नव्हते.

याचा अर्थ व्याकरण सोडून द्यावे असा कोणी घेऊ नये. प्रमाण भाषा ही परीक्षेची आणि पुढे कचेरीची, न्यायालयाची व विधिमंडळाची भाषा आहे. ती ग्रामीण विद्यार्थ्यास न देणे म्हणजे त्याच्यावर दुसरा अन्याय करणे होय. प्रश्न एवढाच की प्रमाण भाषेत काय काय मावू द्यावयाचे. आटपाडी तालुक्यातील माडगूळ्याचे व्यंकटेश माडगूळकर यांनी 'माणदेशी माणसे' आणि 'बनगरवाडी' यांतून या कोरड्या मुलखाचे शब्द कथेत व कादंबरीत प्रतिष्ठित केले. निबंधात ते अद्याप प्रतिष्ठित झालेले नाहीत. ताल, ओघळ, पड, वापसा, आवर्तन, फळछाटणी हे शब्द वर्णनाचे नव्हेत, ज्ञानाचे आहेत. 'वापसा' या एका शब्दात जमिनीच्या ओलीची जी नेमकी अवस्था सांगितली जाते ती सांगावयास अन्यथा पूर्ण वाक्य लागते. असा शब्द विद्यार्थ्याच्या वहीत 'ग्रामीण' म्हणून अधोरेखित होतो, आणि 'मृद्गंध' शाबास म्हणून. परीक्षकाने येथे आपले माप तपासून पाहावे.

वाक्याविषयी थोडे सांगावयास हवे. गोपाळ गणेश आगरकरांचे 'सुधारका'तील निबंध महाविद्यालयांत वाचले जातात, पण ज्या १८८८ साली 'सुधारक' निघाला त्याच सालचे त्यांचे 'वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण' हे पुस्तक आज कोणी उघडीत नाही. समाजावर प्रहार करणाऱ्या निबंधकाराने त्याच सुमारास वाक्याच्या घटकांवर विद्यार्थ्यांसाठी पुस्तक लिहावे, हा योगायोग नव्हे. उद्देश्य कोणते आणि विधेय कोणते हे ज्यास स्वतःच्या वाक्यात दाखविता येत नाही, त्यास आपण काय विधान केले हेही सांगता येत नाही. शालेय निबंधातील एखादे भरघोस वाक्य घेऊन त्याचे पृथक्करण करावे. पुष्कळदा असे आढळते की विशेषणे काढून घेतल्यावर विधेयच शिल्लक राहत नाही. 'पाऊस म्हणजे निसर्गाचे मनोहर, नित्यनूतन, चैतन्यमय वरदान होय' या वाक्यात पाऊस वरदान आहे एवढेच विधान आहे, आणि ते ऑक्टोबरात कवठे महांकाळच्या द्राक्षमळ्यात खोटे आहे. पृथक्करणाचा हा खेळ वर्गात तासाभरात करता येतो, आणि व्याकरणाचा तास निबंधाच्या तासास त्यामुळे जोडला जातो. (आगरकरांचे जन्मगाव टेंभू. कृष्णेचे पाणी सांगलीच्या दुष्काळी भागात नेणारी दुसरी मोठी उपसा योजना त्याच गावाच्या नावाने ओळखली जाते. पाण्याच्या निमित्ताने हे नाव रोज उच्चारणाऱ्या मुलास त्या गावचा निबंधकार कधी दाखविला जात नाही.)

या विवेचनावर अध्यापकवर्गाकडून जो आक्षेप येईल तो गंभीर आहे, आणि तो येथे दुर्बळ करून मांडणे उचित होणार नाही. एका वर्गात साठ विद्यार्थी. त्यांतील निम्म्यांस शुद्ध वाक्य लिहिणे कठीण. परीक्षेत निबंधास मिळणारा वेळ अर्ध्या तासाच्या आसपास. अशा स्थितीत ठराविक आराखडा आणि ठराविक शब्दावली ही दुर्बळ विद्यार्थ्याची काठी आहे. ती काढून घेतली तर हुशार मुलगा पुढे जाईल आणि दुर्बळ मुलगा कोरा कागद देईल. आक्षेप खरा आहे. आराखडा हवाच, हेही मान्य करावयास हवे. परंतु प्रचलित आराखडा, म्हणजे प्रस्तावना, महत्त्व, फायदे, तोटे आणि समारोप, दुर्बळ विद्यार्थ्यास खरोखरच आधार देतो काय? फायदे व तोटे यांच्या याद्या एकमेकींशी बोलत नाहीत. त्यामुळे लक्षात ठेवावयाचे तेवढे वाढते, आणि एक मुद्दा विसरला की पुढचा सुचत नाही. याउलट 'लोक असे म्हणतात. ते अमुक ठिकाणी खरे नाही. यावर कोणी असे म्हणेल. त्यास माझे उत्तर हे' हा चार पायऱ्यांचा आराखडा स्मरणशक्तीवर कमी भार टाकतो, कारण प्रत्येक पायरी मागच्या पायरीतून निघते. गावच्या पारावर, ग्रामसभेत, किंवा पाण्याच्या पाळीवरून होणाऱ्या भांडणात हाच क्रम मुलाने ऐकलेला असतो. बोलीतील वाद प्रमाण भाषेत आणणे, एवढेच अध्यापकाचे काम राहते. आणि ते काम लहान आहे असे नव्हे, पण ते शिकविता येण्याजोगे आहे.

अडचण खरी आहे ती दुसरीकडे, विषय काढणाऱ्याकडे. 'पावसाळ्यातील एक दिवस' हा विषय राज्यभर चालतो, कारण तो कोणासच चुकीचा वाटत नाही. त्याऐवजी 'परतीचा पाऊस: तुमच्या गावास हवा की नको?' असा विषय दिला, तर चिपळूणच्या, गोंदियाच्या आणि कवठे महांकाळच्या विद्यार्थ्यांची उत्तरे एकमेकांस छेद देतील, आणि तिन्ही पूर्ण गुणांस पात्र असू शकतील. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या ज्या परीक्षकाने छाटलेली बाग कधी पाहिली नाही, त्यास मग वर्णन सुंदर आहे की नाही यावर गुण देता येणार नाहीत. विद्यार्थ्याने प्रतिपक्ष पुरता मांडला काय, आणि त्यास दिलेले उत्तर त्या प्रतिपक्षासच लागू पडते काय, हे त्यास वाचून ठरवावे लागेल. महाविद्यालयीन पातळीवर हा प्रयोग विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांनी करून पाहण्याजोगा आहे. पहिल्या वर्षाच्या सत्रपरीक्षेत एक प्रश्न अशा रीतीने काढून, एकच उत्तरपत्रिका दोन परीक्षकांकडे स्वतंत्रपणे तपासावयास द्यावी, आणि त्यांच्या गुणांत किती अंतर पडते ते नोंदवून ठेवावे. अंतर मोठे पडले तर ते कोणत्या वाक्यांवरून पडले, हे पाहण्यासाठी त्या उत्तरपत्रिका विभागात जपून ठेवाव्या लागतील.